साड्यांमागचं झाड

नर्सरीवाल्याने मॉन्स्टेराचं झाड कुंडीतून उपसलं. मुळं काळी पडली होती आणि मातीला कुजका वास येत होता.

"पाणी जास्त होतंय, काकू. रोज घालता का?"

"छे, गुरुवारी एकदाच. तेही तांदूळ धुतलेलं," शैलजाताई म्हणाल्या. गुरुवारी त्यांचे यजमान, नाना, दत्ताच्या देवळात गेले की त्या गुपचूप झाडाकडे वळत. वर्षापूर्वी त्यांच्या मुलीने, मुग्धाने, स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा नानांनी बजावलं होतं, तिची एकही वस्तू या घरात दिसता कामा नये. तिचं हे एवढं झाड ताईंनी गॅलरीत, वाळत्या साड्यांमागे दडवलं होतं.

सडकी मुळं छाटून, कोरड्या मातीत लावून आणलेलं झाड त्यांनी पुन्हा साड्यांमागे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साडी काढायला गेल्या, तर मागे नाना उभे. एका हातात उशाचा तांब्या, रात्रीचं उरलेलं पाणी. दुसऱ्या हाताने ते खांद्यावरच्या पंच्याने एकेक पान पुसत होते.

"अहो, नका घालू," ताईंच्या तोंडून निघून गेलं. "पाणी मी घालते. जास्त होऊन मुळं सडली होती."

नानांनी मातीला बोट लावून पाहिलं.

"मला वाटलं, कुणीच घालत नाही." त्यांनी तांब्या कठड्यावर ठेवला. "दुपारी तिचा फोन येतो ना तुला, तेव्हा एवढं सांगू नकोस, मी तिचं झाड सडवलं म्हणून."