दार लावून

सासूबाईंनी उष्टावणाची चांदीची वाटी घासून तिच्यात मऊ भात कालवला. चार वर्षं उशिरा. रेणू जन्मली तेव्हा तिची अन्ननलिका पोटाला जोडलेलीच नव्हती. दूधसुद्धा पोटावरच्या नळीतून जायचं. तिला खावंसं वाटू नये म्हणून आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून, भांडं न वाजवता जेवायचो.

ऑपरेशननंतर आज पहिला घास. “ठसक्याकडे लक्ष ठेवा,” डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

रेणूनं वाटी उचलली, स्वयंपाकघरात शिरली आणि आतून खालची कडी लावली.

“रेणू, उघड बाळा. मी भरवते ना,” मी बाहेरून म्हणाले.

“जेवताना दार लावायचं असतं,” ती आतून म्हणाली.

मी दाराला कान लावला. ना चमचा वाजला, ना ठसका ऐकू आला. आवाज न करता जेवायचं, हेही ती आमच्याकडूनच शिकली होती.