पांढऱ्यावर लाल

उलानबातरच्या प्रदर्शनात खुलानचं तैलचित्र लागलं होतं. भिंतभर पांढरा रंग आणि खाली कोपऱ्यात एक लाल फटकारा. ते बघायला तिचा मेंढपाळ बाप, लामसुरेन, माळावरून आला.

"एवढ्या रंगात एखादा घोडा तरी काढायचास गं!"

"बाबा, हे नुसते रंग असतात."

तो हसला. मग लाल रंगाशी वाकला आणि तसाच थांबला.

"रुमाल एवढाच दिसत होता बर्फावर."

"कुणाचा?"

"तुझ्या आईचा. वादळात जनावरं शोधायला गेली होती."

"आई तर कोरियाला गेली ना, कामाला?"

"तू सात वर्षांची, वसतिगृहात. काय सांगणार होतो तुला?"

खुलाननं त्या लाल रंगावर बोट टेकवलं. आपल्याला टाकून गेली असं समजून वीस वर्षं तिनं बापाला आईचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं.