घाईला कुलूप

‘आत्ताच्या आत्ता पिन कळवा, नाहीतर तुमचं खातं बंद!’ हा बँकेच्या नावाने आलेला ईमेल वाचून भालचंद्ररावांना घाम फुटला. आयुष्यभराची पुंजी बँकेत होती. त्यांनी घाईघाईने पिन लिहिला, पण मनगटावरचा, फोनला जोडलेला स्मार्ट पट्टा म्हणाला, “काका, तुमची नाडी पळतेय. ती शांत होईपर्यंत पिन जाणार नाही.”

“अरे गाढवा, खातं बुडतंय!”

“आता तर आणखी पळतेय.”

वसुमतीबाई हसल्या. “अहो, त्याच्याशी भांडाल तेवढी नाडी आणखी पळेल. चहा घ्या बघू.”

चरफडत त्यांनी चहा संपवला. पट्ट्यावर हिरवा दिवा लागला. पिन पाठवण्याआधी त्यांनी ईमेल पुन्हा वाचला आणि ते ओशाळले. “अगं, या बँकेत आपलं खातंच नाही!”

“मग मघाशी बुडत होतं ते कुणाचं?”