अँटवर्पचं नाव

"तूच सांगितलंस," जमालुद्दीन म्हणाला. "कबूल कर आणि मोकळा हो."

मुझम्मिल प्रिंटरपाशी उभा होता. "भाई, काय सांगितलं? कुणाला?"

"दुआलावाल्याला. अँटवर्पचं नाव."

दोघे सख्खे भाऊ, दापोलीजवळच्या हर्णैचे. थोरला पंचावन्नचा, धाकटा चाळिशीला टेकलेला. रियाधला बत्हा भागातल्या एका गल्लीत, बिर्याणीच्या हॉटेलच्या डोक्यावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बेल्जियममधल्या अँटवर्पहून दूध पावडर कॅमेरूनच्या दुआला बंदरात जायची आणि दुआलाहून कोकोच्या बिया अँटवर्पला. सौदीत त्यातलं एक पोतंही उतरत नसे. इथे यायचे ते फक्त कागद. विकणाऱ्याच्या नावाची बिल्टी, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाची पावती, परत करून आपल्या कंपनीच्या नावाची नवी काढायची, की इकडच्याला तिकडचा कळत नाही. एवढ्या एका लपवाछपवीवर दोन घरांच्या चुली अकरा वर्षं पेटत होत्या.

गिऱ्हाइकं मात्र मोठी गुणी. दोघंही एकाच महिन्यात, आपणहून दारात आली होती. दुआलाच्या मिस्टर एटुंडींनी पावडर कुठली, हे एकदाही विचारलं नाही. अँटवर्पचा मालक तर फोनवरही कधी आला नाही. ऑफिसातल्या बाईच ईमेल लिहायच्या. जमालुद्दीन याला बरकत म्हणायचा. नशीब चांगलं असलं की माणूस ते उलटून-पालटून बघत नाही.

आज सकाळी दोन ईमेल आले होते. दोन्हींत मजकूर एकच. यापुढे आम्ही थेट व्यवहार करू, आजवरच्या सेवेबद्दल आभार.

"दोन्ही नावं दोघांनाच ठाऊक," जमालुद्दीन म्हणाला. "मला आणि तुला. मी माझ्या पायावर धोंडा मारून घेईन?"

"आणि मी घेईन? माझं घर कशावर चालतं?"

"फेब्रुवारीत दुबईच्या प्रदर्शनाला कोण गेलं होतं?"

"तुम्हीच पाठवलंत."

"तिथं दुआलाचा माणूस भेटला होता."

"हो, भेटला. चहा प्यालो. तुम्हाला येऊन सांगितलं पण होतं."

"चहाच प्यालास ना? की मला विकून आलास?"

मुझम्मिल खाली बसला. त्याची बायको रुकय्या इंडियन स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवत होती. मुलगी उझमा नुकती बारावीत गेली होती. दोघींचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, त्याच्या इकाम्याला बांधलेले. त्याचा गेला की तिघांनीही सामान बांधायचं, पोरीचं वर्ष पाण्यात. जमालुद्दीनला हे सगळं माहीत होतं. उझमाला शाळेत घालायला तोच गेला होता.

"भाई," मुझम्मिल म्हणाला, "एक सांगायचं राहिलं."

"बोल."

"मागच्या महिन्यात पावडरीच्या आरोग्य दाखल्यावर अँटवर्पचं नाव तसंच राहून गेलं. बिल्टी बदलली, बाकी सगळं बदललं, तो एक कागद राहिला. माझ्या लक्षात आलं तेव्हा कुरिअर निघून गेलं होतं. रोजे चालू होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. अल्लाची कसम, चुकून झालं."

"आणि महिनाभर गप्प बसलास?"

"तुम्ही चिडाल म्हणून."

खरं बोलणाऱ्याला घरातलं माणूस तरी माफ करतं, असं मुझम्मिलला वाटत होतं. जमालुद्दीनला त्यात चोर तेवढा दिसला.

"अब्बा गेले तेव्हा तू सहावीत होतास," तो म्हणाला. "माझ्या ताटातला घास तुला दिला. व्हिसा मी काढला, लग्न मी लावलं. त्याचे हे पांग फेडलेस!"

"चूक झाली म्हटलं ना!"

"चूक नाही. हरामखोरी."

दुपारच्या नमाजाआधी कफील अबू फहद आला; कंपनी आणि दोघांचे इकामे याच सौदी माणसाच्या हातात होते. अबू फहद ऑफिसात फारसा फिरकत नसे, पण ईमेल त्यालाही गेले होते. तो बसला नाही. दोघांकडे आळीपाळीने बघत त्याने अरबीत एवढंच विचारलं, "कोणी केलं?"

एक चूक झाली, शेख, माझ्याच ऑफिसची, असं म्हणता आलं असतं. अबू फहद चार शिव्या देऊन निघून गेला असता. जमालुद्दीनच्या ओठांवर ते आलंही होतं. पण राग पुढे झाला.

"याने," तो म्हणाला.

अबू फहदने मोबाईल काढला. दोन-चार वेळा बोट फिरवलं. मुझम्मिलच्या फोनवर मेसेज वाजला: फायनल एक्झिट. इकामा रद्द, देश सोडायचा.

"खलास," म्हणत कफील जिना उतरून गेला.

"भाई, उझमाची बारावी तरी होऊ द्या. त्याला सांगा. तुमचं तो ऐकेल."

"मला भाई म्हणू नकोस."

"हर्णैला जाऊन अम्मीला काय सांगू?"

"सांग, जमाल मेला."

मुझम्मिल रडला नाही. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खुर्चीवरचं जाकीट घेतलं. आणि निघून गेला. जमालुद्दीनने मान वर केली नाही. घरचा साप वेळेवर ठेचला, असं त्याला वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

मग त्याने दुआलाला फोन लावला. धंदा तर गेलाच होता, निदान चार शब्द सुनवावेत.

मिस्टर एटुंडींनी स्वतःच उचलला. आवाज बसलेला होता.

"अकरा वर्षं तुमची इमानाने सेवा केली," जमालुद्दीन म्हणाला, "आणि तुम्ही माझ्या भावाला फोडलंत. अँटवर्पचं नाव त्याच्याकडून काढून घेतलंत."

"तुमच्या भावाला? त्या बिचाऱ्याने काही सांगितलेलं नाही."

"मग दाखल्यावरून कळलं म्हणा."

"कुठला दाखला? मिस्टर जमाल, अँटवर्पची कंपनी माझ्या धाकट्या भावाची आहे. आमच्यात वैर होतं. व्यवहार तोडू नका, अशी आईची आण होती, आणि एकमेकांशी बोलायचं नव्हतं, म्हणून मध्ये तुम्हाला घेतलं. गेल्या महिन्यात आईला माती दिली, तेव्हा तो आला आणि माझ्या गळ्यात पडला."