बाबांचं उरलेलं डबिंग

नायक अचानक गेला, तेव्हा त्या हिंदी विनोदी सिनेमाचं शूटिंग संपलं होतं, पण त्याच्या आवाजाचं अर्धं काम राहिलं होतं. नकलाकार बोलावून पाहिले, एकाचाही सूर लागेना. शेवटी दिग्दर्शकाने नायकाच्या मुलाला फोन केला. बापलेकांचा आवाज इतका सारखा, की फोनवर नातेवाईकही फसायचे. दोघांमध्ये मात्र नऊ वर्षं अबोला होता. मुलगा आला तो आईच्या शब्दाखातर.

तीन दिवस काम सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी पडद्यावर बाबा बादलीत अडकलेला पाय ओढत, सिनेमातल्या रुसून निघालेल्या मुलामागे लंगडत धावत होते. वाक्य होतं, "गलती मेरी थी, बेटा. चल, घर चल."

मुलाने ते अकरा वेळा म्हटलं.

"सूर रडका होतोय," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "लोकांना हसवायचंय रे. तुझे बाबा हे कसं म्हणाले असते, ते आठव."

"ते म्हणालेच नसते," मुलगा म्हणाला. मग घोटभर पाणी प्यायला आणि बाराव्या खेपेला जमलं.

पहिल्या खेळाला त्या प्रसंगावर सगळं थिएटर खदखदून हसलं. आई तेवढी हसली नाही. तिने अंधारात मुलाचा हात धरला.

"बाकीचं बरंचसं तू बोललायस, कळतं मला. पण हे वाक्य तरी त्यांचंच आहे ना रे?"

मुलगा पडद्याकडेच बघत राहिला.

"हो आई. हे त्यांचंच."