लोकल शाफ्ट

“तेजलचा हात तुम्ही मोडलाय. माझ्या शाफ्टनं नाही.”

पेठ रोडच्या टेकडीखालच्या मांडवात, शर्यत समितीच्या टेबलावर खुशनुमानं तुटलेला शाफ्ट आदळला. चहाचे कप हिंदकळले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा तो. काल चढावर त्याचा पुढचा सांधा तुटला, टोक जमिनीत रुतलं आणि तेजलची जीप उलटली. समितीनं तासाभरात ठरवून टाकलं, दोष मेकॅनिकचा. खुशनुमाच्या हातची गाडी यापुढे शर्यतीत नाही. द्वारका चौकातलं तिचं गॅरेज या गाड्यांवरच चालायचं.

“ताई, कंपनीचा शाफ्ट घ्यायचा होता,” अध्यक्ष म्हणाले. “लोकल काम असंच असतं. ग्रीस तरी मारलं होतं का?”

“जीप सहा इंच उचललीय. खड्ड्यात चाक लोंबलं की तुमचा कंपनीचा शाफ्ट ताणला जाऊन सुटूनच पडला असता. म्हणून लांब बनवला. आणि ग्रीसचं म्हणाल, तर घाला बोट आत. हात काळे होतील, तेवढंच.”

कोणी बोट घातलं नाही. कडक इस्त्रीची माणसं ती.

तिनं फडक्यानं चिखल पुसला. शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. चुकीच्या दातात बसवला की थरथरतो, आणि ती थरथर सांधा खाते. म्हणून दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर छिन्नीचा घाव घालूनच तो खोलायचा आणि बसवताना घाव परत जुळवायचे, ही तिच्या उस्तादांची, सलाउद्दीनचाचांची शिस्त. तुकडे अजून एकमेकांत अडकलेले होते. एक घाव वर. दुसरा पार बाजूला.

“मी जुळवून दिला होता. शर्यतीआधीच्या तपासणीत तुमच्या फिटरनं खोलला. मला दोरीबाहेर उभं केलं. म्हणे, बायकांचं काम नाही.”

अध्यक्षांनी मागे पाहिलं. फिटर स्वतःच्या चपला बघत होता.

“बरं,” अध्यक्षांचा आवाज खाली आला. “बंदी उठवतो. गॅरेज चालवा. विषय इथंच मिटवू.”

हेच तर हवं होतं तिला. ती शाफ्ट उचलून वळलीसुद्धा.

बाहेर इंजिनं गुरगुरायला लागली. शेवटच्या फेरीच्या सहा गाड्या रेषेवर येत होत्या. खुशनुमा थांबली.

“त्या सहांचेही शाफ्ट या फिटरनंच खोललेत,” ती म्हणाली. “झेंडा बाजूला ठेवून शर्यत थांबवताय का नाही, बोला.”