अप्पांची टिचकी

टेबल टेनिसमध्ये रुचिका स्मॅश मारायची नाही. टेबलापासून लांब उभी राहून समोरचीचा प्रत्येक तडाखा खाली कापत परत द्यायची. पण तिची बॅट इतकी टणक, की कापलेला चेंडू टेबलाबाहेर जायचा. गेल्या वर्षी जिल्ह्याची फायनल अशीच गेली.

यंदा ती वडिलांना, अप्पांना घेऊन शहाद्याच्या दुकानात आली. दुकानदाराने रबर न लावलेली, बॅटची नुसती लाकडं पुढे मांडली.

"हे घ्या. चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो."

ब्राह्मणपुरीत जन्मभर टरबुजं पिकवणाऱ्या अप्पांनी ते लाकूड कानाशी धरून टिचकी मारली. टण्!

"कच्चं शे."

दुसरंही टण् वाजलं. "हाई बी कच्चं."

दुकानातली पोरं खिदळली. रुचिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यातलं धूळ खात पडलेलं लाकूड मात्र ढब्ब वाजलं.

"हाई पिकेल शे. ले."

"काका, ते फार मंद आहे. चेंडू पळतच नाही त्यावरून," दुकानदार म्हणाला.

रुचिकाने तेच घेतलं. अप्पांच्या टिचकीने काढलेलं टरबूज आजवर कधी पांढरं निघालं नव्हतं.

यंदा जिल्ह्याच्या फायनलला समोरची स्मॅश मारून मारून घामाघूम झाली. प्रत्येक चेंडू त्या लाकडावर मऊ पडून जाळीवरून अलगद परत येत राहिला. शेवटचा समोरचीने स्वतःच जाळीत मारला.

रुचिकाने धावत येऊन कप अप्पांच्या हातात ठेवला. अप्पांनी तो कानाशी धरला, टिचकी मारली. टण्!

"हाऊ कच्चा शे, बेटा. राज्यना कप लई ये, तो पिकेल ऱ्हाई."